रबरी बेडूक आणि अड्याळचा मरळ

मासेमारी हा शांत माणसांचा छंद आहे असं ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांना धरून आणा कुणीतरी, मला त्यांच्याशी बोलायचंय! झाडाखाली बसायचं, पाण्यात गरी सोडायची, डोळे अर्धे मिटायचे, बूच हललं की ओढायचं, नाहीतर डबा खाऊन घरी यायचं, हेच चित्र माझ्याही डोक्यात होतं. आणि परवा, चैत्र नुकताच लागलेला, अड्याळजवळच्या एका मामा तलावावर सूर्य जेमतेम मोहाच्या शेंड्यांवर आलेला, आणि माझ्यापासून वीस-पंचवीस हातांवर कमळाची पानं खालून फाटली. दोर तुटून भरली बादली विहिरीत पडावी असा आवाज झाला. ढोकरी उडाल्या. पाळीवर झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. माझ्या मांड्या लटपटत होत्या. शांत म्हणे!

तेव्हापासून मी कामाचा राहिलेलो नाही. बँकेत समोर खातेदार बोलत असतो आणि माझं उजवं मनगट टेबलाखाली झटके देत असतं. माझ्या फोनमध्ये बायकोला नको तेवढे बेडकांचे फोटो सापडले आहेत. म्हणून हे एकदाचं लिहून काढतो. क्रमाने येईलच असं नाही.

आधी गाव. अड्याळ म्हटलं की निम्म्या विदर्भाला ब्रह्मपुरीकडची अड्याळ टेकडी आठवते. ती चंद्रपूर जिल्ह्यात. आमचं अड्याळ भंडाऱ्याहून पवनीच्या वाटेवर, पवनी तालुक्यातलं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, धुऱ्यांवर पळस आणि मोह, आणि मध्येच कुठेतरी एक लांबलचक मातीची पाळ दिसते, तिच्यावर झाडं, आणि पाळीपलीकडे पाणी. भंडारा हा तलावांचा जिल्हा हे शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण त्या वाक्यात मासे आहेत हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आम्ही तिघं नागपूरच्या एकाच होस्टेलातले. एक इथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्याला आम्ही तेव्हापासूनच गुरुजी म्हणतो. दुसरा टेक्सासात डॅलसजवळ राहतो. तिसरा मी, ज्याला मासा माहीत तो ताटातला. टेक्सासवाला या वेळी सुट्टीवर आला तो एक लांब नळकांडं घेऊन. आम्हाला वाटलं, आईसाठी काहीतरी दिव्याबिव्याचं आणलं असेल. नळकांड्यातून निघाल्या दोन काठ्या, दोन रिळं आणि एक डबी. डबीत बेडूक. हिरवा, पांढऱ्या पोटाचा, मागे रबरी झिपऱ्यांचे दोन पाय, पिवळे डोळे. गुरुजींच्या पोरीने तो हातात घेतला आणि किंचाळून टाकून दिला. टेक्सासवाला खूश.

तिकडे त्याला बासचं वेड लागलंय. बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, भल्यामोठ्या तोंडाचा, पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा. त्या माशापायी ती माणसं काय काय करतात ते ऐकून आम्ही रात्री दोनपर्यंत जागे! जॉर्जियात माँटगोमेरी लेकवर जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने २ जून १९३२ रोजी दहा किलोंचा बास धरला. तो विक्रम तिकडच्या पोराटोरांना पाठ आहे, आणि त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, तीही जपानात, बिवा सरोवरावर, मानाबु कुरिता यांच्या हातून. टेक्सासात तर १९८६ पासून सरकारी योजना आहे: तेरा पौंडांच्या वरचा बास लागला की तो जिवंत सरकारला उसना द्यायचा, पैदाशीसाठी. त्या योजनेतल्या पहिल्या मादीला नाव होतं, एथेल! आपल्याकडे बैलाला नाव असतं, गायीला असतं, हत्तीला असतं. माशाला?

गुरुजी म्हणाले, ‘‘अबे, पण आपल्या इथं बास कुठं?’’

नाही. आणि नसलेलाच बरा. जपानने तो १९२५ साली हौसेने आणला आणि २००५ पासून कायद्याने त्याला उपद्रवी परदेशी जात ठरवलं आहे. पण टेक्सासवाल्याने आधीच अभ्यास केला होता. तो म्हणाला, बास सोड, तुमच्या तलावात मरळ आहे ना? मरळ तोच उद्योग करतो, आणि जास्त रागाने करतो.

जास्त रागाने! हे दोन शब्द ऐकून मला झोप कुठली लागते.

सकाळी उठलं आणि गेलं असं मात्र होत नाही, आणि ते बरोबरच आहे. इथल्या तलावातला मासा रानातल्या बोरासारखा कुणाचाही नसतो. ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, बोटुकल्या सोडतात, रात्री राखण करतात. गुरुजींनी आदल्या दिवशीच संस्थेच्या लोकांशी बोलून ठेवलं होतं. अटी सरळ होत्या. कतला, रोहू, मृगळ यांना हात लावायचा नाही. मरळ लागला तर संस्थेच्या काट्यावर तोलून, चालू भावाने पैसे देऊन न्यायचा. आणि काकाजी सोबत राहतील.

काकाजी म्हणजे संस्थेतले जुने सभासद. वय विचारलं तर हसतात. पहाटे पाळीवर आम्ही पोहोचलो तेव्हा ते आधीच उकिडवे बसले होते, कानात विडी, बाजूला बांबूची लांब काठी. मोहाखाली दोघीतिघी बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या, त्यांनी आमच्या कार्बन फायबरच्या काठ्या पाहिल्या आणि एकमेकींकडे पाहिलं. टेक्सासवाला रिळात दोरा ओवत होता. हा दोरा विणलेला असतो, जाडीला शिवणाच्या दोऱ्याएवढा आणि ताकदीला असा की अख्खं कमळ मुळासकट उपटून येईल. त्याचं ओवणं चालू असतानाच काकाजींनी आपल्या काठीच्या गरीला एक बारकी मासोळी लावली, दोन पानांच्या मधल्या फटीत ती वरच्या वर नाचवली, आणि एक वीतभर डाडक मासा काढून गवतात टाकला. विडीसुद्धा कानातून हलली नाही.

‘‘पूर्वी बेडकी लावत होतो जी,’’ ते म्हणाले. ‘‘जिती. अशीच पान्यावर नाचवाची.’’

टेक्सासवाल्याने हातातल्या रबरी बेडकाकडे पाहिलं. ज्या बेडकासाठी त्याने तिकडे दुकानात डॉलर मोजले होते, जो तिकडच्या कारागिरांनी डोकं लावून बनवला, तो काकाजींच्या बापजाद्यांनी नुसता बांधीतून उचलला होता. पण काकाजींना आमचा बेडूक आवडला, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी तो दाबून पाहिला. आतून पोकळ. दोन आकडे पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे पानांवरून, देठांवरून, गवतावरून ओढला तरी कुठेही अडकत नाही; माशाने जबड्यात दाबला की रबर चपटं होतं आणि आकडे उघडे पडतात. त्यांनी परत दाबला. परत. मग म्हणाले, ‘‘डोकं लावलंय बाप्पा.’’

आता पाणी कसं वाचायचं ते ऐका, कारण माझ्या मते सगळी गंमत इथे आहे आणि फेकाफेकी नंतरची! मला तलाव म्हणजे एक सपाट चकचकीत गोष्ट दिसत होती. काकाजी पाळीवर उभे राहिले आणि काठीने दाखवत गेले. मामा तलावाला पाळ एकाच बाजूला, उताराच्या. इथे पाणी सगळ्यात खोल. इथेच तुडूम, म्हणजे धानाला पाणी सोडायची जुनी सोय. पलीकडच्या तीन बाजूंना पाळ नाहीच; जमीन हळूहळू वर चढते आणि पाणी हळूहळू पातळ होत जातं, गुडघाभर, घोटाभर, मग चिखल, मग गवत, मग कुणाचं तरी शेत. मोठा कतला, रोहू खोल पाण्यात. मरळ उथळात, जिथे देवधानाचं गवत माजलंय, कमळ आहे, पानांत भाकरीएवढी मोकळी जागा आहे. आणि चैत्रात पाणी उतरायला लागलं की ही उथळ जागा दर आठवड्याला सरकते. गेल्या पंधरवड्यात मरळ जिथे होता तिथे आज गुरं चरतात.

टेक्सासवाला ऐकत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क नावाचा जगप्रसिद्ध बासचा तलाव आहे. तिथे पाण्याखालचे चढउतार, बुडलेली झाडं, गवताची कड हे सगळं माणसं पडद्यावर यंत्राने बघतात. ते यंत्र फार महाग असतं, तो म्हणाला. काकाजींनी विडी पेटवली.

मरळ उथळात का राहतो, याचं कारण ऐकून तर मी पाण्यातच बसलो. या माशाला हवा लागते! कल्ले आहेत, पण ते पुरत नाहीत. डोक्यात, कल्ल्यांच्या वर एक जास्तीची पोकळी असते, तिथे तो वरची हवा भरून घेतो. थोड्या थोड्या वेळाने त्याला पाण्यावर तोंड काढावंच लागतं. वर येऊ दिलं नाही तर हा मासा बुडून मरू शकतो. मासा! बुडून! म्हणूनच तो गढूळ, उन्हाने तापलेल्या, दुसऱ्या माशाचा जीव घुसमटेल अशा पाण्यात राजासारखा राहतो, बाजारात थोड्याशा पाण्याच्या टोपल्यात तासन्‌तास जिवंत राहतो, तलाव आटला तर चिखलात रुतून दिवस काढतो, आणि पावसाळ्यात ओल्या गवतावरून सरपटत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातो. काकाजी श्वासाचा तो बुडबुडा पाहूनच सांगत होते, इथे आहे, तिथे आहे, तो बारका, तो नाही हो, ती पाणकोंबडी.

मग पहिला बेडूक गेला. टेक्सासवाल्याने काठी मागे नेली, झटका दिला, आणि तो हिरवा जीव हवेतून लांबवर जाऊन कमळाच्या पानावर टप्पकन बसला. बसू दे, तो म्हणाला. मग काठीचं टोक खाली, मनगटाचा हलका ठेका: टुपुक, टुपुक, टुपुक. पानावरून पानावर. मोकळी जागा आली की थांब. पाण्यावर वर्तुळं पसरून विरेपर्यंत थांब. झिपऱ्या नुसत्या श्वास घेतल्यागत हलतात. परत टुपुक.

काहीच नाही. परत फेक. काहीच नाही. वारकरी पक्ष्यांचं एक टोळकं ओरडत पलीकडे गेलं. गुरुजी म्हणाले, चहा?

आणि फाट्!

पाणी वर आलं, बेडूक नाहीसा झाला, टेक्सासवाल्याने सगळ्या ताकदीने काठी मागे खेचली, आणि बेडूक पाण्यातून सुटून सुं करत येऊन त्याच्याच टोपीवर बसला. इतक्या वर्षांचा बासवाला! तो शिव्या देत होता, इंग्रजीत आणि मग होस्टेलच्या मराठीत. काकाजी शांतपणे म्हणाले, ‘‘त्याले तोंड मिटू द्या जी. मंग वढा.’’

यातला भेद त्याने नंतर समजावला. बास मोठं तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. मरळ दातांनी चावा घेतो. पकडतो, दाबतो, खाली नेतो, मग गिळायच्या बेताने वळवतो. पाणी फुटलं त्याच क्षणी ओढलं तर त्याच्या दातांतून नुसतं रबर सुटून येतं. आवाज ऐकायचा, काळजाला सांगायचं की थांब, दोऱ्यात वजन जाणवेपर्यंत काही करायचं नाही, आणि मग मात्र दया नाही. जगात मला माहीत असलेल्या सगळ्या कामांत हे सगळ्यात कठीण आहे. तुमच्या अंगातला प्रत्येक स्नायू ओढ म्हणतोय आणि तुम्ही बाहुलं होऊन उभे!

माझी पाळी आली. मी देवधानाच्या कडेला गुडघाभर पाण्यात. खाली चिखल गार, वर पाणी कोमट. काकाजी माझ्या डाव्या खांद्यामागे. त्यांनी काठीने एक फट दाखवली, दोन सुकलेल्या देठांच्या मध्ये, ताटाएवढी. बेडूक पलीकडे पडला. टुपुक. पानावर चढला. टुपुक. पानाच्या कडेवर आला, आणि काकाजी नाकातून म्हणाले, ‘‘थांबा.’’ थांबलो. पान खालून किंचित उचललं गेलं. मी पाहिलं! पान उचललं गेलं, कुणीतरी खालून पाठ घासत गेल्याने, आणि बेडूक कडेवर डोलतोय, आणि कुणीतरी खाली आहे, आणि त्याला माहीत आहे, आणि मला माहीत आहे, आणि काकाजी म्हणतात, ‘‘आता पान्यात पाडा.’’

पाडला.

मी वर सांगितलेला तो आवाज हा. पाणी फुटलं, मी थांबलो, देवा कसा थांबलो मी, दोरा एका बाजूला चालू लागला, वजन आलं, आणि मी काठी दोन्ही हातांनी वर घेतली आणि तलावाने मला पकडलं. दुसरा शब्द नाही. काठी अर्धी वाकली. मासा कमळांच्या देठांत शिरायला बघतोय, टेक्सासवाला ओरडतोय ढिला सोडू नको, गुरुजी ओरडताहेत पोरांना शिकवल्यासारखे ‘हळू हळू’, पाळीवरून बाया ओरडताहेत, रीळ फिरतंय, पानं, देठ, चिखल, शेवाळ असा एक भाराच माझ्याकडे सरकतोय आणि त्या भाऱ्याच्या आत कुठेतरी काहीतरी गदागदा हलतंय. काकाजी पुढे झाले, दोन बोटं भाऱ्यात घातली, आणि मरळ उचलला.

काय देखणा! चपटं, खवल्यांनी मढवलेलं डोकं, लांब गोल अंग, पाठ काळी-हिरवी, कुशीवर गडद ठिपके, आणि शेपटीच्या मुळाशी काळा गोल, त्याला नारिंगी कड, म्हणजे मागूनही तो तुमच्याकडे बघतोय. संस्थेच्या काट्यावर नंतर तो पावणेदोन किलो भरला. हा माप म्हणून काही विशेष नाही, काकाजी म्हणाले. ही जात एक मीटरहून लांब वाढते. मला विशेषच होता. मी त्याच्या तोंडात बोट घालणार होतो, काकाजींनी हात धरला. दात.

आणि आता खरी बातमी! याच माशाची अगदी जवळची जात, अशीच शेपटीवर डोळा असलेली, अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोहोचली आहे. २००० साली ब्रॉवर्ड काउंटीत टमारॅक नावाच्या गावाच्या पाण्यात ती पहिल्यांदा सापडली, आता तिथल्या कालव्यांत वस्ती करून आहे, आणि बासवाले त्यांच्या बासच्या बेडकावर तिला धरतात. तिचा चुलतभाऊ, चीनकडचा मरळ, २००२ मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात दिसला तेव्हा तर केवढा हलकल्लोळ! जमिनीवरून चालणारा राक्षस म्हणून वर्तमानपत्रं भरली, तळ्यात विष घालून सगळे मासे मारले, जिवंत मरळ देशात आणायला कायद्याने बंदी आली. त्याच्यावर भयपट निघाले. मी हे पाळीवर उभं राहून ऐकत होतो आणि खाली टोपलीत, ओल्या पानांखाली, राक्षस पडला होता. काकाजींना सांगितलं की तिकडे याची भीती वाटते. ते म्हणाले, ‘‘काहून? खात नाही का ते लोकं?’’

हैदराबादला विचारा! तेलंगणाने २०१६ साली मरळाला राज्यमासा केलं, आणि मृग लागला की तिथे दम्याच्या औषधासाठी हजारो माणसं रांगेत उभी राहून मरळाचं जिवंत पिल्लू गिळतात. औषधाचं खरंखोटं डॉक्टर जाणोत. मी फक्त माशाचा मान सांगतोय.

नागपूरला परत आल्यावर वाचनालयात बसून आणखी एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला, त्याचा ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने राज्य कसं करावं, काय खावं, काय खेळावं, सगळं त्यात. आणि त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण! कोणते मासे, कोणत्या माशाला काय चारायचं, दोर कसा, काठी कशी. राजा सिंहासन सोडून गळ टाकून बसत होता आणि त्याची टिपणं काढत होता. मला हा राजा फार आवडला आहे. लढाया कुणीही लिहितो.

पण तलावाचंच राहिलं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी म्हणजे इथली जमीनदारी गेली, तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि तलाव सरकारकडे आले. लहान आज जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सुमारे सात हजार! खोदले मालगुजारांनी नव्हे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्याने ओळखून ही मातीची पाळ घातली. तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा राजाचा करार होता म्हणतात. धान आणि ऊस पिकवायला बांधलेल्या वस्तूला ती उथळ, तिरकी, गवताळ बाजू आपोआप मिळाली, आणि मरळाला घर मिळालं. टेक्सासवाला मला विचारत होता की हा लेक कुणी डिझाइन केला. मी म्हटलं, नाव नाही लिहून ठेवलं रे त्यांनी.

आणि ती गवताळ बाजू आहे म्हणून मासा आहे, हे इथल्या जाणत्यांना पक्कं माहीत आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने वर्षानुवर्षं हेच काम केलं: बेशरमाचं रान तलावातून उपटून काढायचं आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, तेही ढिवर बायापुरुषांना कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे विचारून. कतला-रोहूचं बीज आता हवं तेवढं मिळतं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली तेव्हापासून. मरळ मात्र स्वतःच्या मनाने वाढतो. नर-मादी पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत फिरतात, आणि त्या वेळी समोर येईल त्यावर धावून जातात. तो थवा दिसला की त्या जागी गरी टाकायची नाही, काकाजींनी दोनदा बजावलं. आईबाप उचलले की बाकीचे मासे थवा संपवून टाकतात.

उन्हं वर आली तशी चढाई थंडावली. साडेनऊनंतर मरळाने आमच्या बेडकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेक्सासवाल्याला शेवटी एक लागला, माझ्याहून लहान. हे मी इथे मुद्दाम छापून ठेवतोय. संस्थेच्या खोलीत काट्यावर तोल झाला, वहीत नोंद झाली, पैसे दिले, पावती घेतली. गुरुजींच्या घरी वहिनींनी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात कैरी टाकून रस्सा केला. मरळाला मधला काटा सोडला तर काटे जवळपास नाहीतच, त्यामुळे बोलत बोलत खाता येतो, आणि आम्ही बोलतच होतो. वहिनी म्हणाल्या, एवढ्यासाठी एवढी लांबून काठी आणली भाऊजी? काकाजींची काठी तर इथल्याच बेटातली. टेक्सासवाल्याने उत्तर दिलं नाही, भात मागून घेतला.

तो परत गेला. काठ्या ठेवून गेला, बेडूकही. एक हिरवा, एक काळा. काळा सकाळी चालतो की ढगाळ दिवशी, यावरून गुरुजींचं आणि माझं रोज रात्री फोनवर भांडण होतं. दिवस थोडे आहेत. पाऊस लागला की मरळाची वीण, मग काठ्या माळ्यावर. म्हणून गुरुजींनी शाळा सुटल्यावर मैदानात सायकलचा जुना टायर टाकून त्यात बेडूक पाडायचा सराव सुरू केला आहे. पोरं भोवती उभी असतात. चौथीतल्या एका पोरीने काठी मागितली आणि पहिल्याच फेकीला बेडूक टायरच्या मधोमध टाकला, मग दुसऱ्या फेकीलाही. गुरुजींचा अजून कडेलाच लागतो. येत्या रविवारी तिला सोबत नेणार आहोत. तिचे वडील संस्थेचेच सभासद आहेत, आणि काकाजी तिचे आजोबा लागतात असं आता कळलंय.